प्रस्तावना: घरातली की चुलीवरली?

शिरूर तालुक्यातल्या एका गावात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी पाहणीला गेले होते. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती, सकाळची थंडी पडायला लागली होती. प्रत्येकाच्या हातात चार पानी फॉर्म आणि पॅडला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन. एका घराच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजींना आमच्यातल्या एका मुलीनं फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, घरात माणसं किती?" आजींचा हात थांबला नाही. मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरातली सांगू का चुलीवरली?"

मुलगी गडबडली. फॉर्मवर चौकोन एकच होता. ती धावत माझ्याकडे आली, "मॅडम, काय लिहू?" मी म्हणाले, चौकोन राहू दे रिकामा, त्या जे सांगतील ते समासात लिही.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात फॉर्म तपासायला बसलो, तेव्हा त्या एका घरावर दीड तास गेला. पत्र्याचं छप्पर एकच, पण त्याखाली दोन सिलिंडर. थोरला मुलगा, त्याची बायको आणि मुलगी एका बाजूला. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत, खोली करून राहतो, गुरुवारच्या सुट्टीला येतो. धाकटा, त्याची बायको आणि दोन मुलं दुसऱ्या बाजूला. आजी पाळीनं जेवतात, एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. रेशनकार्ड एकच आणि त्यावर नऊ नावं. सातबाऱ्यावर मात्र एकच नाव, आजोबांचं, आणि ते वारून सहा वर्षं झाली होती. देव्हारा थोरल्याकडे, पण चंपाषष्ठीला खंडोबाची तळी दोघे भाऊ मिळून भरतात आणि त्या दिवशी भरीत-रोडग्याचा स्वयंपाक एकाच चुलीवर होतो.

तर मग ही कुटुंबं किती?

परीक्षेत 'कुटुंबाची व्याख्या लिहा' हा प्रश्न तुम्ही सोडवला आहेच. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या ज्या खुणा सांगितल्या त्याही बहुतेकांनी पाठ केल्या असतील: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि परस्परांतलं ठरावीक नातं. आता ही यादी हातात घेऊन आजींच्या ओट्यावर या. छप्पर आहे, जमीन कागदावर अजून सामाईक आहे, देव एकच आहे, नातं तर आहेच. चूल तेवढी दोन. पाचांतल्या चार खुणा जुळतात. जनगणनेचा माणूस आला तर तो चुलीलाच धरून चालणार, कारण त्याच्या लेखी एकत्र राहणारी आणि साधारणपणे एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. तो दोन लिहील. पुरवठा खात्याला विचारा, ते एक म्हणेल. तलाठ्याच्या दप्तरात तर एका मयत माणसापलीकडे कुणी नाहीच.

यात कुणी खोटं बोलत नाही. प्रत्येकाला वेगळं काही मोजायचं आहे, म्हणून प्रत्येकानं 'कुटुंब' या शब्दाला वेगळ्या जागी कुंपण घातलं आहे. समाजशास्त्रात संकल्पना म्हणतात ती हीच. घरातला रोजचा शब्द उचलायचा आणि तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं. कुंपण घातलं की काहीतरी आत येतं आणि काहीतरी बाहेर राहतं. बाहेर काय राहिलं हे ज्याला सांगता येतं, त्याला ती संकल्पना कळली असं मी समजते. व्याख्या तोंडपाठ असणं ही फार पुढची गोष्ट नाही.

याचा परिणाम किती दूर जातो ते पाहा. 'एकत्र कुटुंबपद्धती मोडली' हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीपासून संपादकीयापर्यंत सगळीकडे ऐकतो. चुली मोजल्या तर ते बरोबर वाटतं. पण १९५०च्या दशकात आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा या छोट्या शहरात पाहणी केली, तेव्हा राहायला वेगळी असलेली कितीतरी घरं मालमत्तेनं आणि एकमेकांच्या जबाबदाऱ्यांनी बांधलेली दिसली. पुढे ए. एम. शहा यांनी तर आग्रहानं सांगितलं की एका घरात राहणारी माणसं आणि कुटुंब या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळेच हा 'मोडलं, मोडलं' असा गलका होतो. हे सगळं त्या आजींना एका प्रश्नात ठाऊक होतं. त्यांना पदवी द्यावी असं मी म्हणत नाही, पण फॉर्म छापण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं हे खरं.

आता माझ्या आवडीच्या गावाकडे येते. दर वर्षी पहिल्या तासाला मी पिंपळे सौदागरचं नाव घेते आणि मुलं हसतात. हसणारच, कारण निम्मी तिथूनच येतात. कोकणे चौक, शिवार चौक, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बारा-पंधरा मजली सोसायट्या, आयटीतली मंडळी, गेटवर वॉचमन. 'शिवार' नावाच्या चौकात उभं राहून शिवार शोधायचं म्हटलं तर मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं.

पवनेकाठच्या या गावाला भारतातल्या समाजविज्ञानात मानाचं पान आहे. हॅरल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. इंग्लंडमध्ये राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या गरिबीची घरोघर पाहणी करून १९०१ मध्ये पुस्तक काढलं होतं. त्या पद्धतीचा उपयोग मान यांनी इंग्लंडमधल्याच एका खेड्यात करून पाहिला होता. तीच दृष्टी घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपळे सौदागरची माती, विहिरी, पिकं, कर्जं आणि वाटण्या तपासल्या. हा अभ्यास १९१७ मध्ये पुस्तकरूपानं आला. शहरापासून लांबचं गाव म्हणून पुढे शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक त्यांनी निवडलं, ते पुस्तक १९२१चं. जुन्या दप्तरांच्या आधारे मान यांनी दाखवलं की १७७१ मध्ये पिंपळे सौदागरात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये उरली ७ एकर. शिवाय ही ७ एकरही एका जागी नव्हती, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली होती. शेतीवर भागत नसल्यामुळे बरीच घरं बाहेरच्या मजुरीवर तगून होती. खडकीचा दारूगोळा कारखाना जवळच होता.

४०, साडेसतरा, ७. हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्गात कुणीतरी लगेच निष्कर्ष काढतं, "म्हणजे वाटण्या झाल्या म्हणून शेतकरी गरीब झाला." त्या काळातल्या बऱ्याच जाणत्यांनाही असंच वाटत होतं. तुकडे जोडा, तुकडे पाडायला बंदी करा, धारण किफायतशीर करा. किफायतशीर धारण म्हणजे काय, तर एका कुटुंबाचं नीट भागेल एवढी जमीन.

१९१८ मध्ये सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी या विषयावर एक दीर्घ लेख लिहिला. भारतातल्या लहान धारणा आणि त्यांवरचे उपाय हा त्याचा विषय. आकडे खोटे आहेत असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी बोट ठेवलं ते संकल्पनेवर. तुम्ही धारण 'किफायतशीर' ठरवताना घरातली खाणारी तोंडं मोजता, पण शेती हा उत्पादनाचा उद्योग आहे. मग जमीन पुरेशी आहे की नाही हे तिच्यावर लावलेलं भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरेल, नुसत्या एकरांवर कसं ठरेल? अवजारं, बैल, पाणी यांच्या मानानं तीन एकरही कुणाला जड होतील आणि तीस एकरही कुणाला कमी पडतील. दुखणं जमिनीच्या तुकड्यांत नाही, जमिनीवर साचून राहिलेल्या, पुरेसं काम नसलेल्या माणसांत आहे, असं त्यांचं निदान होतं. त्यामुळे औषधही बदललं. त्यांनी सांगितलं, औद्योगिकीकरण करा, शेतीवरचा भार कमी होईल, मग धारणाही वाढतील.

हा लेख मुळातून वाचा, असं मी मुद्दाम सांगते. डॉ. आंबेडकरांचे फोटो आपण पुष्कळ लावतो, त्यांचं अर्थशास्त्र कमी वाचतो. आणि पदवीच्या पहिल्या वर्षात शिकण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही: आकडे तेच असताना एका शब्दाचं कुंपण हललं आणि उपाय पार दुसऱ्या टोकाला गेला.

पिंपळे सौदागरची गोष्ट तिथे थांबत नाही. आंबेडकरांनी सुचवला तसा उद्योग पिंपरी-चिंचवडला आला, त्यामागून शहर आलं. एकरांत मोजली जाणारी जमीन गुंठ्यांत मोजली जाऊ लागली. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, पण गुंठ्याच्या भावानं एकराचा हिशोब कुणी करेना. आता ती चौरस फुटांत मोजली जाते, तीही हवेत, नवव्या मजल्यावर. या उलथापालथीत पुण्याच्या आसपास एक शब्द रूढ झाला, 'गुंठामंत्री'. मी तो मॅक्स वेबर शिकवताना वापरते. वर्ग आणि प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पैसा आला म्हणजे मान आपोआप येत नाही, हे वेबर यांचं म्हणणं मुलांच्या डोक्यात शिरायला एरवी दोन तास लागतात. 'गुंठामंत्री' म्हटलं की दोन मिनिटं पुरतात. त्या शब्दात गळ्यातली साखळी आहे, पांढरी गाडी आहे, वाढदिवसाचा फ्लेक्स आहे आणि बोलणाऱ्याचं नाक मुरडणंही आहे. कोण कुणाला हा शब्द वापरतं, हे मात्र नीट पाहा. पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा पैसा आल्यावर त्याला हसणारा हा शब्द बहुधा नोकरदार सदाशिवी ओठांवर असतो. म्हणजे शब्द ज्याच्याबद्दल आहे त्याच्याइतकाच तो उच्चारणाऱ्याबद्दलही सांगतो.

मराठीत हे विषय शिकण्याचा हा फायदा आहे, आणि पंचाईतही. पारिभाषिक शब्दांनी आपल्याला बरंच दिलं आहे, पण काही शब्द वाट चुकवतात. एम. एन. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी. खालची मानली गेलेली जात वरच्या जातीचे आचार, खाणंपिणं, विधी उचलून दर्जा वाढवू पाहते, या प्रक्रियेला त्यांनी जे नाव दिलं त्याचं मराठी 'संस्कृतीकरण' झालं. उत्तरपत्रिकांत मी वर्षानुवर्षं वाचते आहे: "संस्कृतीकरण म्हणजे मागास लोक सुसंस्कृत होणे." संकल्पनेनं जे तपासायचं होतं तेच इथे गृहीत धरलं गेलं. वरच्यांचे आचार हीच संस्कृती आणि बाकीच्यांना ती नाहीच, हा समज शब्दाच्या मागच्या दारानं आत आला. 'संस्था' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे अध्यक्ष, सचिव आणि देणग्या येतात, विवाह ही 'सामाजिक संस्था' म्हणजे काय हे समजायला वेळ लागतो. 'वर्ग' हा खडू-फळ्याचाही असतो. 'मूल्य' भाजीलाही असतं. अशा शब्दांपाशी या पुस्तकात आम्ही मुद्दाम थांबलो आहोत. काही ठिकाणी रूढ प्रतिशब्द बाजूला ठेवून चार शब्दांत साधं सांगितलं आहे. परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापू नयेत, अशी नम्र विनंती.

ज्यांना वाटतं की हे सगळं पश्चिमेकडून आलेलं शास्त्र आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट नोंदवते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. पण त्याआधीच, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे या महसूल खात्यातल्या माणसानं 'गावगाडा' लिहिला होता. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते यांचं पोट कसं चालतं, कोण कुणाकडून काय घेतं, हे त्यात इतक्या बारकाईनं आलं आहे की आजही खेड्यात जाणाऱ्याच्या पिशवीत ते असावं. त्यातली काही मतं तुम्हाला खटकतील. खटकू द्या, आणि का खटकली ते लिहून ठेवा. त्याच्याही आधी, १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला, जोतीराव फुले आणि ताराबाई शिंदे यांनी शेतकऱ्याबद्दल आणि बाईबद्दल जे प्रश्न विचारले त्यांना विभाग, पदवी, अनुदान काहीच नव्हतं.

बाईचा विषय निघालाच आहे, तर एक घरचा अभ्यास. पहिल्या तासाला मी मुलांना वडील काय करतात आणि आई काय करते, हे लिहायला सांगते. दुसऱ्या प्रश्नाला निम्म्या कागदांवर उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." मग मी विचारते, आज सकाळी तुमचा डबा कुणी भरला? शेळ्यांना पाला कुणी आणला? वर्ग हसतो आणि मग जरा गप्प होतो. पण यात मुलांचा दोष नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत यासाठी सांकेतिक क्रमांकच आहेत. फक्त घरकाम करणाऱ्यांना ९२ आणि घरकामाबरोबर सरपण आणणं, घरच्यासाठी शिवणकाम असलं काही करणाऱ्यांना ९३, आणि दोघीही श्रमशक्तीच्या बाहेर. डोक्यावर मोळी घेऊन तीन किलोमीटर चालून आलेली बाई 'काम' करत नसते, कारण 'काम' या शब्दाचं कुंपण बाजाराच्या कडेनं घातलेलं आहे. २०१९ मध्ये देशभर दिवसाच्या वेळेची पाहणी झाली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. ही मिनिटं आधीही होतीच. मोजायचं ठरवल्यावर ती दिसली.

'शेतकरी' हा शब्द तर आपल्या राज्यात जिवावर बेततो. एमिल दुर्खेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहून दाखवलं की सर्वांत खाजगी वाटणाऱ्या कृतीलाही सामाजिक नियमितता असते. त्यांनी आकड्यांवर भिस्त ठेवली. विदर्भात किंवा मराठवाड्यात हा विषय शिकवताना मात्र आधी आकडा कसा तयार होतो हे सांगावं लागतं. सरकारी मदतीसाठी प्रत्येक मृत्यूची छाननी होते आणि तो 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतो. जमीन नावावर होती का, कर्ज कुणाचं होतं, कुठून घेतलं होतं, हे पाहिलं जातं. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर शेतकरी म्हणून तिची नोंद होणंच अवघड. खंडानं, बटाईनं करणाऱ्याचंही तेच. २०१४ पासून आत्महत्यांच्या राष्ट्रीय अहवालात शेतकरी आणि शेतमजूर असे दोन रकाने वेगळे दाखवले जाऊ लागले. आदल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करताना हे ठाऊक नसेल, तर तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल आणि तो आत्मविश्वासानं वाचूनही दाखवाल. गरिबीचंही तसंच. २०११-१२च्या एकाच वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं देशातले २१.९ टक्के लोक गरीब निघतात, रंगराजन समितीच्या पद्धतीनं २९.५ टक्के. मधले कोट्यवधी लोक एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे होतात आणि त्यांच्या ताटात काहीच बदललेलं नसतं. ही रेषा कशी आखली गेली, पुण्याच्या गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये २२५० उष्मांकांपासून हिशोब कसा मांडला, ते सातव्या प्रकरणात सविस्तर आहे.

जातीचं प्रकरण मोठं आहे आणि ते मी इथे उरकणार नाही. एवढंच सांगते की १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी जातीची मुळाशी असलेली खूण म्हणून जातीतल्या जातीत लग्न हीच धरली, आणि एकटी जात अशी वस्तूच नसते, जाती नेहमी अनेकवचनी असतात, हेही सांगितलं. तुम्ही पाहणीला जाल तेव्हा याचा अनुभव पहिल्या पाच मिनिटांत येईल. तुम्ही फॉर्म काढण्याआधी समोरचा माणूस त्याचा फॉर्म काढतो: "कुठलं गाव तुमचं? आडनाव काय?" तुमच्या उत्तरावर ठरतं की पाणी कशात येणार, खुर्ची येणार की सतरंजी, आणि कुठल्या आळीची दारं तुम्हाला उघडी राहणार. श्रीनिवास यांनीही म्हैसूरकडच्या गावातल्या आपल्या कामाबद्दल लिहिताना हे मोकळेपणानं कबूल केलं आहे की आपण ब्राह्मण असल्यामुळे गाव एका विशिष्ट बाजूनंच दिसलं. पाहणाऱ्यालाही जात असते, लिंग असतं, बोली असते. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात 'माहिती घेणाऱ्याचे नाव' अशी एक ओळ असते, ती आपण घाईत भरतो. तीही माहितीच आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असं नाही. शेतीच्या घरातल्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तर चालेल, शहरातल्यांनी पाचव्या. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय म्हणून प्रश्न दिलेले नाहीत, त्याऐवजी एक कोरा फॉर्म आहे. तो घरी, सोसायटीत, गावात कुणाकडून तरी भरून आणायचा आहे. फॉर्म छापताना एक बदल मी प्रकाशकांकडून हट्टानं करून घेतला: समास नेहमीपेक्षा दुप्पट रुंद ठेवायला लावला. कागद वाया जातो अशी त्यांची तक्रार होती.

शिरूरचा तो फॉर्म माझ्याकडे अजून आहे. माणसांच्या संख्येचा चौकोन कोराच राहिला. शेजारी, पेन अडल्यामुळे असेल, पेन्सिलीनं लिहिलंय: 'तीन, गुरुवारी चार. पलीकडे पाच, पुढच्या महिन्यात चार. तळीच्या दिवशी नऊ. आजी म्हणाल्या, तेव्हा या जेवायला.'